धान्याची शीग आणि डोंगराचा उतार

प्राथमिक शाळेत पदार्थांच्या अवस्थांची ओळख करून देताना स्थायू म्हणजे ज्याला स्वतःचा ठरावीक आकार आणि ठरावीक आकारमान असते तो पदार्थ, आणि द्रव म्हणजे ज्याचे आकारमान ठरावीक असते पण जो भांड्याचा आकार घेतो तो पदार्थ, अशी व्याख्या सांगितली जाते. पाठोपाठ फळ्यावर दोन रकाने पडतात आणि एका रकान्यात दगड, लाकूड, खडू तर दुसऱ्यात पाणी, दूध, तेल अशी नावे भरली जातात. व्याख्येत चूक काहीच नाही. मात्र तिच्या पुष्ट्यर्थ दिलेली उदाहरणे नेमकी अशी निवडलेली असतात की व्याख्येवर कुठेही ताण पडू नये, आणि घरून शाळेत येणाऱ्या मुलाच्या अनुभवात तर ताण पाडणाऱ्या पदार्थांचीच गर्दी असते: बाजरीचे पीठ, चुलीतली राख, मीठ, शेण, लोणी, काकवी, चिखल. यांपैकी कशालाही त्या दोन रकान्यांत निःशंकपणे बसवता येत नाही, म्हणून ते सगळे फळ्याबाहेर राहतात.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत हा प्रश्न विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे, कारण येथील भूगोलच स्थायू आणि द्रव यांच्या सीमेवर वसलेला आहे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग, नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंतचे डोंगर, मुसळधार पाऊस आणि उतारावर बांध घालून केलेली भातखाचरे. पूर्वेला कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्यांवरील धरणांच्या पाण्यावर वाढणारा ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्ष. पश्चिमेकडील मूल पावसाळाभर चिखलात वावरते, पूर्वेकडील मुलाने उसाचा रस आटून त्याची ढेप होताना किंवा कारखान्यातून साखर पोत्यात ओतली जाताना पाहिलेली असते. दोघांच्याही पाठ्यपुस्तकात उदाहरणे मात्र तीच आहेत.

व्याख्या नीट ऐकणारे मूल एक साधा आक्षेप घेऊ शकते. बाजरी ओतता येते, ती डब्यात टाकली तर डब्याचा आकार घेते आणि ताटात पसरली तर ताटाचा; मग तिला द्रव का म्हणू नये? सांगितलेल्या व्याख्येच्या चौकटीत हा आक्षेप बिनचूक आहे, आणि ‘ते स्थायूच असते, लिहून घ्या’ एवढेच उत्तर त्याला मिळाले तर मुलाला विज्ञानाविषयी जे कळते ते फार नुकसानकारक असते: स्वतःच्या डोळ्यांपेक्षा फळा खरा. हा गोंधळ एखाद्या प्रदेशापुरता नाही. इस्रायलमधील संशोधक रूथ स्टावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसले की मुले द्रव पदार्थ सहज ओळखतात, कारण त्यांच्यापुढे पाण्याचा नमुना असतो. कठीण वस्तूंना ती स्थायू म्हणतात. पण पीठ, वाळू, कापड, लोकर असे सुटे किंवा मऊ पदार्थ आले की ती अडखळतात आणि त्यांच्यासाठी मनात एक वेगळाच, मधला गट तयार करतात. हा मधला गट म्हणजे मुलांची चूक नव्हे. तेथे मूल विचार करू लागलेले असते, आणि शिकवण्याची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

त्यासाठी लागणारे साधन या तालुक्यांतील जुन्या घरांत आजही सापडते. धान्य मोजण्याची पायली म्हणजे चार शेरांचे माप, आणि अधोली म्हणजे तिच्या निम्मे. १९५६ च्या वजनमापविषयक कायद्याने दशमान पद्धत आणली आणि बाजारातून ही मापे हटली, तरी कणगीजवळ, माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात ती टिकून आहेत. या मापाने धान्य दोन प्रकारे मोजले जाई: काठाच्या बरोबरीने हात फिरवून सपाट, किंवा शीग लावून. शीग म्हणजे भरलेल्या मापाच्या काठावर उभा राहिलेला धान्याचा शंकूसारखा ढीग. मोलकऱ्याला किंवा बलुतेदाराला धान्य देताना शीग लावायची की हात फिरवायचा यात देणाऱ्याचे मन दिसे, त्यामुळे हा शब्द आजी-आजोबांच्या पिढीला चांगला ठाऊक आहे. वर्गात एक परात, तिच्यात अधोली आणि शेजारी बाजरीचे घमेले एवढे मांडले की पाठ उभा राहतो.

मुलांनी ओंजळीने बाजरी टाकत जावे. काठ भरल्यावरही दाणे लगेच सांडत नाहीत. मधोमध टेकाड उभे राहते, ते वाढते, आणि मग एका क्षणी त्याच्या एका बाजूवरून दाण्यांचा पातळ थर घसरून परातीत पडतो. पुन्हा टाकले की पुन्हा टेकाड, पुन्हा घसरण. टेकाडाचा उतार मात्र जवळजवळ तोच राहतो. आता अधोली रिकामी करून तिच्यात पाणी ओतायचे. पाणी काठाशी येते, बारीक पाहणाऱ्या मुलाला काठाच्या किंचित वर फुगलेलेही दिसते, कारण पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो आणि या गुणधर्माला पृष्ठताण म्हणतात. पण त्यापुढे एक पेला टाकला की पाणी चहूबाजूंनी ओघळते. शंभर वेळा ओतले तरी पाण्याची शीग लागत नाही. द्रवाची ही ओळख ‘भांड्याचा आकार घेतो’ या वाक्यापेक्षा अधिक काटेकोर आहे: स्थिर द्रवाचा पृष्ठभाग सपाट होतो, सुट्या कणांच्या राशीचा होत नाही.

असे का होते हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतात, निदान विचारू दिले तर विचारतात. बाजरीचा एकच दाणा तळहातावर घेऊन पाहिला तर तो लाकडाइतकाच स्थायू असतो. वाटीत टाका, ताटात टाका, त्याचा आकार बदलत नाही. पीठही भिंगाखाली धरले की त्याचे वेडेवाकडे कण दिसू लागतात. आकार बदलते ती रास. राशीतला प्रत्येक दाणा शेजारच्या दाण्यावर टेकलेला असतो आणि दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरू पाहतात तेव्हा जो विरोध निर्माण होतो, ज्याला घर्षण म्हणतात, तो त्याला जागी धरून ठेवतो. उतार एका मर्यादेपलीकडे चढा झाला की दाण्याचे खाली ओढले जाणे घर्षणाला भारी पडते आणि घसरण होते. सुट्या कोरड्या कणांच्या राशीचा हा कोन बहुधा ३० अंशांच्या आसपास असतो. पाचवीच्या मुलांना तो कोनमापकाने मोजता येतो, आणि गोल गुळगुळीत मोहरीची शीग बुटकी तर जाड्याभरड्या मुरमाची शीग उंच का, हे ताडून पाहता येते. पाण्याला मात्र असा विरोध नसतो; त्याचे अतिसूक्ष्म घटक, म्हणजे रेणू, एकमेकांना धरून असले तरी एकमेकांवरून सतत सरकत राहतात. रेणूंची गोष्ट लहान वयात सांगण्याची घाई करू नये. शीग पुरेशी आहे.

नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे आणि सातवाहनकाळात घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, असे परंपरेने सांगितले जाते. शाळेच्या सहलीत मुलांना तो हमखास दाखवला जातो. तेथे उभे राहून, हा रांजण नाण्यांनी भरला तर काठावर शीग लागेल का आणि पावसाच्या पाण्याने भरला तर काय होईल, एवढे विचारले तरी इतिहासाची सहल विज्ञानाची होते.

वयाचा विचार येथे टाळून चालत नाही. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत जे प्रयोग मांडले त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग द्रवाचाच आहे: दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी आहे हे मुलाकडून मान्य करून घेऊन त्यांतल्या एकातले पाणी उंच अरुंद पेल्यात ओतले, की साधारण सातच्या आतले मूल उंच पेल्यात पाणी जास्त झाले असे सांगते. ओतल्याने आकार बदलतो पण आकारमान बदलत नाही, या जाणिवेला अक्षय्यतेची जाणीव म्हणता येईल, आणि ‘ठरावीक आकारमान’ हे शब्द ज्या व्याख्येत आहेत ती व्याख्या ही जाणीव येण्याआधी पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही. अंगणवाडीतल्या मुलाला तांब्यातून परातीत, परातीतून बादलीत, बादलीतून बाटलीत पाणी ओतू द्यावे, सांडू द्यावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले त्यात माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातल्या वस्तू आल्या. त्या कामाचे मोल आजही पुरते ओळखले गेलेले नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी वस्त्यांवरच्या अंगणवाडीला नाचणी, हिरडा, मुरूम आणि पाणी ही साधने कोणाकडे मागावी लागत नाहीत.

सुट्या कणांची राशी समजली म्हणजे सगळे कोडे सुटले असेही नाही, कारण स्वयंपाकघरात त्याहून अवघड पदार्थ तयार होतात. उन्हाळ्यात कुरडया करण्यासाठी गहू दोन-तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून, गाळून चोथा बाजूला काढतात आणि उरलेले पांढरे पाणी रात्रभर स्थिर ठेवतात. सकाळी वरचे पाणी अलगद ओतून दिले की पातेल्याच्या तळाशी चीक बसलेला असतो. या चिकावर बोट जोरात दाबले तर ते खडूवर आपटावे तसे अडते. तेच बोट हळूच टेकवले तर आत रुतत जाते. उलथण्याने खरवडला तर त्याचा कोरडा दिसणारा तुकडा निघतो, आणि तोच तुकडा तळहातावर धरला की क्षणात पसरून बोटांच्या फटींतून ओघळू लागतो. गव्हातील पिष्टाचे बारीक कण पाण्यात दाटीवाटीने राहिलेले असतात. सावकाश हलवले तर कणांमधल्या पाण्याला वाट मिळते आणि ते एकमेकांवरून सरकतात, पण अचानक दाब आला की पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही, कण एकमेकांत अडकतात आणि क्षणभर तो सगळा गोळा स्थायूसारखा वागतो. विज्ञानाच्या पुस्तकांतून याच प्रयोगासाठी मक्याचे पीठ आणायला सांगतात. येथे ते आणण्याची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यात ज्या घरी वाळवण चालू आहे त्या घरच्या मावशींना वाटीभर चीक मागावा, आणि शक्य तर त्यांनाच वर्गात बोलवावे, कारण चीक किती घट्ट झाला म्हणजे शिजवायला घ्यायचा हे हाताने ओळखण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी आहे.

तापमानाचा भाग मुलांना तुलनेने लवकर उमगतो. जुन्नरच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली सकाळी थिजलेली असते आणि उन्हात ठेवली की पातळ होते. हे तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ते जानेवारीच्या पहाटे स्थायू आणि दुपारी द्रव असते. फळ्यावरच्या तक्त्यात ‘तेल’ हा शब्द एका रकान्यात कायमचा लिहिणे त्यामुळेच योग्य नाही. रकान्याच्या डोक्यावर ऋतू आणि वेळ लिहावी लागेल. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतल्या उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते पाहतो, तोही पाक निवल्यावर कोणत्या अवस्थेत जाईल याचीच परीक्षा घेत असतो.

हाच विचार घाटातल्या कातळाला लावला तर मुलांचे डोळे विस्फारतात. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, भीमाशंकर हे सगळे डोंगर बेसॉल्ट या खडकाचे आहेत, आणि हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या, हजार अंशांहून अधिक तप्त अशा लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला आहे. लाव्हा म्हणजे वितळलेला खडक. किल्ल्याच्या वाटेवर कातळात बारीक पोकळ्या दिसतात, त्या लाव्हा थिजत असताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा आहेत, आणि काही पोकळ्यांत नंतर पाण्यातून येऊन साचलेली पांढरी खनिजे चमकतात. एका हाताएवढ्या दगडात स्थायू, द्रव आणि वायू या तिन्ही अवस्थांच्या खुणा सापडतात. विज्ञान प्रदर्शनांत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेसाळणारा ज्वालामुखी वर्षानुवर्षे मांडला जातो. ज्या मुलांच्या शाळेची पायरीच लाव्हाची आहे त्यांनी तरी त्याऐवजी एक सच्छिद्र दगड मांडावा आणि त्याचा इतिहास सांगावा.

याच बेसॉल्टचा ऊनपावसाने भुगा होतो, त्याचा मुरूम आणि माती होते, आणि येथे अवस्थांचा हा पाठ गंभीर होतो. भातशेतीत चिखलणी करताना खाचरात पाणी साठवून माती मुद्दाम ढवळली जाते, म्हणजे तिच्या कणांची जुळणी मोडते, ती लोण्यासारखी मऊ होते आणि आवणातली रोपे तिच्यात सहज रोवता येतात. घट्ट जमिनीला माणूस प्रयत्नपूर्वक जवळजवळ द्रव करतो, आणि तिच्याभोवती बांध घालतो, कारण बांध नसेल तर ती वाहून जाईल हे त्याला पक्के माहीत असते. डोंगराच्या उतारावरची माती मात्र पाऊसच ढवळतो. आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी सततच्या मुसळधार पावसानंतर डोंगराची बाजू घसरून गाडले गेले. ४० हून अधिक घरे मातीखाली गेली आणि १५१ माणसे मृत्यू पावली. एसटीचा चालक नेहमीच्या फेरीला आला तेव्हा गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला प्रथम कळले. उताराची छेडछाड, वृक्षतोड, पडकईची म्हणजे उतार सपाट करून खाचरे काढण्याची कामे यांचा वाटा किती यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. पण माती स्थायूसारखी उभी असता वाहू कशी लागते, ही प्रक्रिया वादातीत आहे आणि ती वर्गात दाखवता येते.

तीन ताटे घ्यावीत आणि तिन्हींत सारखाच मुरूम सारख्याच ढिगाने ठेवावा. पहिल्यातला कोरडा, दुसऱ्यातला हात ओला करून शिंपडून ओलसर केलेला, तिसऱ्यावर तांब्याने सावकाश पाणी घालत राहायचे. ताटे एका कडेने हळूहळू उचलली की कोरडा मुरूम शीग घसरावी तसा थोडाथोडा घसरतो. ओलसर मुरूम आश्चर्यकारक रीतीने टिकून राहतो, कारण कणांमधले थोडेसे पाणी पृष्ठताणाने त्यांना एकत्र ओढून धरते, आणि म्हणूनच ओल्या मातीचा लाडू वळतो, कोरडीचा वळत नाही. तिसऱ्या ताटात सुरुवातीला काहीच घडत नाही. मग कणांमधल्या सगळ्या फटी पाण्याने भरतात, फटींतून हवा निघून गेल्याने पृष्ठताणाची पकड सुटते, ढिगाचे वजन काही अंशी ते कोंडलेले पाणीच पेलू लागते, कण एकमेकांवर पूर्वीइतके दाबले जात नाहीत, आणि दाबच कमी झाला म्हणजे घर्षणही कमी होते. मग ताट फारसे न उचलताही अख्खा ढीग एकदम सरकतो आणि पुढे चिखल होऊन पसरतो. थोडे पाणी मातीला बांधते आणि फार पाणी तिला सोडवते, ही गोष्ट व्याख्येत कोठेच नाही, पण घाटमाथ्यावर राहणाऱ्या मुलाला ती ठाऊक असणे त्याचा हक्क आहे.

हा प्रयोग करताना माळीणचे नाव कोणत्या वयाच्या मुलांपुढे घ्यायचे, याचा निर्णय शिक्षकाने वर्ग पाहूनच करावा. पश्चिम पट्ट्यातल्या वर्गात त्या गावाशी नात्याने जोडलेले मूल असण्याची शक्यता मोठी आहे, आणि दुसरीच्या मुलांना ताटातला मुरूम पुरतो. दुर्घटना सांगण्याचे वय पाचवी-सहावीचे. त्या वयात मात्र ती टाळू नये. पावसाळ्यात उतारावर नव्या भेगा पडणे, नितळ झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, पूर्वी नव्हता तेथे झरा फुटणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, या खुणांचा अर्थ ताटात काय घडले हे पाहिलेल्या मुलाला निराळा समजावून द्यावा लागत नाही, कारण फटी पाण्याने भरत असल्याचीच ती लक्षणे आहेत.

चौथे ताट मुले आपणहून सुचवतात: त्यात हराळीचा गड्डा मुळांसकट लावलेला मुरूम असतो, आणि तो खरोखरच अधिक पाणी सोसतो. येथे शिक्षकाने प्रामाणिक राहण्याची गरज आहे. मुळे जेवढ्या खोलीपर्यंत पोचतात तेवढ्याच मातीला धरतात. घसरणारा पृष्ठभाग त्याखाली, मुरूम आणि अखंड कातळ यांच्या सीमेवर असेल, तर झाडांसकट सगळा थर खाली येऊ शकतो. झाडे लावली म्हणजे दरड येणार नाही, असे आश्वासन मुलांना देऊ नये. झाडे पावसाचा मारा सोसतात, वरच्या मातीची धूप थांबवतात, काही पाणी शोषून घेतात आणि उथळ घसरणी रोखतात, एवढे सांगावे. खोलवर मुरणाऱ्या पाण्याला उताराबाहेर काढण्यासाठी चर खणावे लागतात आणि ते वर्षानुवर्षे मोकळे ठेवावे लागतात हेही सांगावे, आणि ताटाच्या ढिगात पेन्सिलीने तसा चर काढून मुलांना पुन्हा पाणी घालू द्यावे.